गाडी जळगावात चालवायची आहे: टायर, डिस्क आणि स्पेसरच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

गाडी मारुती स्विफ्ट, पेट्रोल, २०१३ची. टायर १६५/८० आर१४, साध्या लोखंडी डिस्कवर (डिस्क म्हणजे टायर जिच्यावर चढतो ती रिम, ब्रेकची नव्हे). टायरच्या खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिमी. पुढच्या दोन्ही टायरची नक्षी झिजून त्या पट्ट्यांना भिडली आहे. मागच्यांचं थोडं बरं आहे, पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडल्यात. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर असंच जातं. चारही बदलायचे.

जूनपासून गाडी भाच्याकडे जाणार. त्याला एमआयडीसीत नोकरी लागली आहे. रोजचा रस्ता महाबळ, काव्यरत्नावली चौक, आकाशवाणी चौक, तिथून हायवेला लागून इच्छादेवी, अजिंठा चौफुली आणि पुढे कंपनी. कधीमधी धरणगावमार्गे अमळनेर, आजीकडे. म्हणजे गाडी जवळपास सगळी शहरातच चालणार, ताशी तीस-चाळीसने, खड्डे आणि गतिरोधक सांभाळत.

त्याची फर्माइश तयारच आहे. फोनवर फोटो दाखवला: १६ इंची काळी अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या डिस्क, त्यावर १९५/५५ आर१६ टायर, आणि चाक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, बरोबरीला यावं म्हणून १५ मिमीचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर आणायला त्याच्या आत घालायच्या चकत्या. "मामा, आत्ता गाडीची चाकं आत गेलेली दिसतात. लहान मुलाला बापाचा शर्ट घातल्यासारखी." त्याचं म्हणणं खोटं नाही, कंपनीने दिलेलं चाक खरंच आत दिसतं. गाडी उद्या तोच वापरणार, तेव्हा त्याची हौस उडवून लावायची नाही. पण प्रत्येक गोष्ट मोजून बघायची, आणि मोजलेलं इथे लिहायचं, असं दोघांचं ठरलं.

१८ फेब्रुवारी

आज फक्त आकडेमोड. ताईने भरीत-पुरीचा डबा पाठवला होता, तो संपवून दोघं कागद घेऊन बसलो.

टायरवरचं माप वाचायची रीत भाच्याला सांगितली. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये. ८० म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात, म्हणजे ३५५.६ मिमी. डिस्कमध्ये भिंत दोनदा मिळवली की टायरचा पूर्ण व्यास मिळतो: ६१९.६ मिमी. बाकीची मापं याच आकड्याशी ताडून बघायची.

भाच्याचं १९५/५५ आर१६: भिंत १०७ मिमी, व्यास ६२०.९. व्यासात फरक जवळजवळ शून्य, म्हणजे स्पीडोमीटरची काळजी नाही. त्याने लगेच मान वर करून बघितलं. पण भिंत १३२वरून १०७वर आली, २५ मिमी कमी. हे २५ मिमी म्हणजे खड्ड्याची कड आणि डिस्कची कड यांच्यामधलं रबर आणि हवा. शहरात गाडीला खरा धक्का बसतो तो इथेच.

त्याच्या मित्राने सुचवलेलं दुसरं माप २०५/६५ आर१५. गाडी उंच दिसते म्हणे. व्यास ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. गाडी वर उचलली जाते ती याच्या निम्मीच, १४ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवत असताना चाक पूर्वीपेक्षा साडेचार टक्के जास्त अंतर कापतं, किलोमीटर कमी नोंदले जातात, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जड उठते. शहरात दर दोन मिनिटांनी पहिल्या गिअरवर यावं लागतं. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आतच राहायचं हा सर्वमान्य नियम आहे, मी तर दोनच्या आत राहीन. हे माप बाद.

१८५/७० आर१४: भिंत १२९.५, व्यास ६१४.६, म्हणजे पाऊण-एक टक्का कमी. आहे त्याच १४ इंची डिस्कवर बसतं. रस्त्याच्या हिशोबाने मला हेच सगळ्यात आवडलं.

१८५/६५ आर१५: भिंत १२० मिमी, व्यास ६२१.५. मूळ मापापेक्षा दोन मिमीच जास्त. आणि मुख्य गोष्ट, याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच हे माप दिलं होतं.

२५ फेब्रुवारी

टायरवर मापाच्या शेजारी अजून एक आकडा आणि अक्षर असतं, ८५टी वगैरे. बहुतेक जण त्याच्याकडे बघतच नाहीत. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलेल ते: ८२ला ४७५ किलो, ८५ला ५१५, ८७ला ५४५, ८८ला ५६०. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. शहरात वेगाच्या अक्षराने फारसं अडत नाही. वजनाचा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. अमळनेरला जाताना पाच माणसं, डिकीत गव्हाचं पोतं आणि खालून तापलेलं डांबर असतं. अशा वेळी कमी वजनाचा टायर आतून तापतो.

आमच्या यादीतली मापं बहुतेक ८७-८८मध्ये मिळतात, त्यामुळे इथे अडचण नाही.

दुसरी मर्यादा डिस्कच्या रुंदीची. १८५/६५ला ५ ते ६.५ इंच रुंदीची डिस्क चालते, १९५/५५ला ५.५ ते ७. आपली लोखंडी डिस्क ५जे, म्हणजे ५ इंच. अरुंद डिस्कवर रुंद टायर कोंबला की भिंती आत ओढल्या जातात, टायरचं पोट फुगतं आणि नक्षी मधूनच झिजते. रुंद डिस्कवर अरुंद टायर ताणून बसवायची एक फॅशन आहे. तीत डिस्कची कड रबराच्या बाहेर येते. आपल्या रस्त्यांवर हे करणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणेन.

३ मार्च

आज मागचं डावं चाक काढून ऑफसेट मोजला. स्पेसरचा सगळा विषय या एका आकड्याभोवती फिरतो, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

डिस्क पालथी ठेवली, म्हणजे हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक आवळतात त्याला) टेकणारा भाग वर. डिस्कच्या दोन्ही कडांवर आडवी लोखंडी पट्टी ठेवली. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतचं अंतर घेतलं. डिस्कची बाहेरून बाहेर पूर्ण रुंदी घेतली आणि निम्मी केली. दोन्हींतला फरक म्हणजे ऑफसेट. डिस्कवर हा आकडा 'ईटी' म्हणून कोरलेला असतो, पण आमच्या डिस्कवर गंज इतका की वाचता येईना. मोजून साधारण ४५ आला. म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपेक्षा हबची बैठक ४५ मिमी बाहेरच्या अंगाला. चाक आत गेलेलं दिसतं ते यामुळेच.

हबपासून डिस्कची बाहेरची कड किती पुढे येते? रुंदीच्या निम्म्यातून ऑफसेट वजा करायचा. ५ इंचाचे निम्मे ६३.५, उणे ४५, म्हणजे १८.५ मिमी. आतल्या बाजूला बेरीज: १०८.५.

भाच्याने निवडलेली अलॉय ६.५जे, ऑफसेट ३८. निम्मे ८२.५, उणे ३८, म्हणजे ४४.५. बाहेरची कड आत्ताच्यापेक्षा २६ मिमी बाहेर येणार, आणि आतली १२ मिमी आत जाणार. हे नुसत्या अलॉयचं झालं. त्यावर १५ मिमीचा स्पेसर म्हणजे एकूण ४१ मिमी बाहेर. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं की १५चा स्पेसर म्हणजे चाक १५ मिमी बाहेर येईल. डिस्कची रुंदी आणि कमी ऑफसेट यांनी चाक आधीच बाहेर आणलेलं असतं, ते धरायचं राहूनच जातं. दुकानात हे कोणी सांगत नाही, विचारलं तरी "फिट बसेल" एवढंच उत्तर येतं.

चाक जोडायचं माप असं: चार बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी, मधलं भोक ५४.१ मिमी, बोल्टचा आटा १२ बाय १.२५, म्हणजे बोल्ट १२ मिमी जाड आणि नट दर फेऱ्याला १.२५ मिमी पुढे सरकतो. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना आठ भोकं पाडलेली असतात, म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांच्या गाड्यांना एकच डिस्क विकता येते. मधलं भोकही मोठं ठेवतात. मग चाक हबच्या गोलावर न बसता फक्त चार नटांवर लोंबतं. मधली मोकळी जागा भरणारी रिंग टाकली नाही, तर बॅलन्सिंग कितीही करा, स्टिअरिंग थरथरतच राहतं.

१० मार्च

भाच्याच्या मित्राची गाडी बघितली. तेच मॉडेल, १६ इंची अलॉय, मागे स्पेसर लावलेले. मुलगा भला, गाडी चकाचक ठेवलेली. त्याच्याच परवानगीने मागचं चाक काढलं, आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे, नेरी नाक्याजवळ.

आत ॲल्युमिनियमची सपाट चकती निघाली, १० मिमी जाड, बोल्टांवर नुसती सरकवलेली. मधलं भोक हबपेक्षा मोठं, बोटाने हलवली तर इकडून तिकडे खुळखुळते. बोल्ट मात्र मूळचेच, बदललेले नाहीत. मेकॅनिक म्हणाला, नट हाताने लावा आणि फेरे मोजा. जेमतेम पाचव्या फेऱ्याला नट टेकला. १२ मिमीच्या बोल्टवर नटाची पकडही निदान १२ मिमी हवी. आटा १.२५चा, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. इथे निम्मेच. बोल्टाच्या टोकाकडच्या आट्यांवर चकचकीत घासल्याच्या खुणा होत्या. तिथे बोट फिरवलं आणि भाचा काहीच बोलला नाही. मित्राला जागच्या जागी चकत्या काढायला सांगितलं. त्याने काढल्या, हे त्याचं कौतुक.

मेकॅनिक अमळनेरकडचा, हात काम करत असताना अहिराणीतच बोलतो. "चाक बाहेर काढनं सोपं शे, भाऊ. बेरिंग वाजाले लागनं का मंग मनाकडेच येशात." म्हणजे बेअरिंग वाजायला लागलं की माझ्याकडेच याल. मग त्याने भाच्याला जॅकचा दांडा धरायला लावून दाखवलं. दांडा टोकाला धरला की तेच वजन मनगटाला किती जड लागतं. चाक हबपासून जितकं बाहेर, तितका गाडीच्या वजनाचा ताण बेअरिंगवर तिरका येतो, आणि प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो.

पुढच्या चाकांचं आणखी वेगळं. स्टिअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यापासून टायरचा मध्य कंपनीने ठरावीक अंतरावर ठेवलेला असतो. चाक बाहेर नेलं की ते अंतर बिघडतं. मग एक चाक खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेच्या मुरमावर गेलं की स्टिअरिंग हातातून हिसका देतं. ब्रेक मारताना एका चाकाखाली पाणी आणि दुसऱ्याखाली कोरडं असेल तर गाडी एका अंगाला ओढते. पावसाळ्यात बजरंग पुलाच्या बोगद्यातून गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

स्पेसर ही वस्तूच वाईट आहे असं मी लिहिणार नाही. डिस्कची आतली बाजू ब्रेकच्या कॅलिपरला किंवा सस्पेन्शनच्या नळीला केसभर घासत असेल, तर हबच्या गोलात चपखल बसणारा ३ किंवा ५ मिमीचा स्पेसर, लांब बोल्टांसह, हा रीतसर उपाय आहे. जाड हवा असेल तर स्वतःचे बोल्ट असलेला, हबला वेगळ्या नटांनी आवळायचा स्पेसर असतो. तोही मापात कापलेला, चांगल्या धातूचा. त्यात गाडीचे मूळ बोल्ट स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब निघाले तर अलॉयच्या पाठीला त्यांच्यासाठी खळगे आहेत का ते बघावं लागतं, नाहीतर चाक सपाट बसतच नाही. एवढं सगळं करून मिळणार काय, तर दिसणं. योग्य ऑफसेटची डिस्क घेतली की तेच दिसणं स्पेसरशिवाय मिळतं.

२४ मार्च

कागदपत्रांची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल देऊन मूळ रचनेत बदल चालणार नाही हे पुन्हा स्पष्ट केलं. टायर झिजला म्हणून नवा टाकणं हा बदल नव्हे. पण फेंडरबाहेर आलेलं चाक अपघातानंतर विम्याच्या सर्वेयरच्या डोळ्यात पहिल्यांदा भरतं, आणि न कळवलेल्या बदलावरून क्लेमची रखडपट्टी होऊ शकते.

म्हणून एक गोष्ट पक्की केली. कंपनीने या मॉडेलला स्वतः दिलेल्या मापांच्या बाहेर जायचं नाही. मनात भरलेलं १८५/७० आर१४ यामुळे बाजूला पडलं, त्याची थोडी रुखरुख आहे. उरली दोनच: आहे ते १६५/८० आर१४, किंवा वरच्या मॉडेलचं १८५/६५ आर१५.

७ एप्रिल

वरच्या मॉडेलची मूळ १५ इंची अलॉय जुन्या मालात मिळाली, चारही एकाच गाडीची. जुनी अलॉय घेताना बघायच्या गोष्टी: आतल्या कडेवर वेल्डिंग केलंय का, तडे आहेत का, नव्या रंगाखाली लुकण भरलेलं नाही ना. चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून रिकामंच फिरवलं आणि कडेशी पेन्सिलचं टोक धरलं. एका डिस्कमध्ये टोक आणि कड यांच्यातली फट कमी-जास्त होत होती. ती परत केली आणि बदलून घेतली. वाकलेली लोखंडी डिस्क ठोकून सरळ होते, अलॉय ठोकून सरळ करणारे आहेत पण त्यात तडा राहून गेला तर बाहेरून दिसत नाही. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

रुंदी ५.५जे. ऑफसेट पट्टी लावून मोजला, जुन्याच्या जवळपास तेवढाच. म्हणजे कड दोन्ही अंगांना सहा-सहा मिमीने वाढणार, आणि टायर रुंद असल्यामुळे रबर दोन्ही अंगांना साधारण दहा मिमी. बाहेरचे दहा भाच्यासाठी, आतल्या दहांची तपासणी माझ्यासाठी.

ती तपासणी अशी केली. टायरवाल्या चाचांकडून याच मापाचा जुना टायर मागून अलॉयवर चढवला. सस्पेन्शनच्या नळीवर, आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर आणि फेंडरच्या दुमडलेल्या कडेवर शाडूच्या मातीचे गोळे चिकटवले. चाक लावलं, गाडी खाली घेतली, मागे चार जण बसवले, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंच गतिरोधकावरून गाडी तिरकी काढली. परत येऊन चाक काढलं. नळीवरच्या गोळ्याला टायर लागलेलाच नव्हता, मध्ये बोट सहज जात होतं. अस्तरावरचा एक गोळा, उजव्या चाकाचा, मागच्या बाजूचा, जरासा चपटा झाला होता, त्यावर टायरच्या खांद्याची नक्षी उमटली होती. तरी खाली चांगली पाच मिमी माती शिल्लक होती. फेंडरचे गोळे जसेच्या तसे.

स्पेसरला कारणच उरलं नाही. भाच्याने चाक लावलेलं असताना गाडी समोरून, मागून, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितली. म्हणाला, "फोटोएवढं नाही, पण आता शर्ट मापाचा वाटतो."

५ मे

नवे टायर बसवले. १८५/६५ आर१५, ८८एच. घेण्याआधी भिंतीवरचा तारखेचा शिक्का वाचला: लंबगोल चौकटीत चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०९२४ म्हणजे २०२४चा नववा आठवडा. पहिल्या दुकानात त्यांनी काढलेले टायर दीड-दोन वर्षं पडून असलेले निघाले. भाव कमी करत होते, घेतले नाहीत. इथल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या टायरचं रबर गाडीवर न चढताच कडक होतं.

नक्षी निवडताना खाचा रुंद आणि सरळ बघितल्या. आपल्याकडे पाऊस मोजका, पण पडला की काळ्या मातीचा गारा रस्त्यावर येतो आणि बारीक खाचांत बसून राहतो.

वॉल्व्ह नवे टाकले. नट आधी हाताने चढवले, आडव्या-उभ्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे. हवेच्या गनने आवळू दिले नाहीत. गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या ताकदीला आवळले. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने आधी घासून काढला होता. तो राहिला तर अलॉय सपाट टेकत नाही आणि थोड्या दिवसांनी नट सैल होतात.

बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. पुढच्या उजव्या चाकाचा टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय ते माप, बराच बिघडलेला होता. जुने टायर एका कडेने का झिजले त्याचं उत्तर मिळालं. टायर बदलताना अलाइनमेंटचे पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही.

स्टेपनी जुनीच, १६५/८० आर१४ लोखंडी डिस्कवर. व्यासात दोनच मिमी फरक असल्यामुळे पंक्चर झाल्यावर घरापर्यंत बिनधास्त जाता येईल. स्पेसर लावले असते तर ही साधी सोयसुद्धा अडचणीची झाली असती.

९ मे

गाडी थोडी चालल्यावर नट पुन्हा तपासले. एक नट अगदी किंचित फिरला, बाकी जागेवर. नवी डिस्क लावल्यावर शंभरेक किलोमीटरच्या आत हे करायलाच हवं.

१९ मे

पारा पंचेचाळिशीला टेकलाय. दुपारी रस्त्याला हात लावता येत नाही. भाच्याने भर दुपारी पंपावर हवा तपासली आणि जास्त दिसली म्हणून कमी करायला निघाला होता. थांबवलं. दहा अंश तापमान वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानातला फरक, वर टायर चालून तापलेला, म्हणजे तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच. तेव्हा हवा काढली तर पहाटे टायर मऊ होतो. मऊ टायर भिंतीवर जास्त वाकतो, अजून तापतो आणि खड्ड्यात डिस्कपर्यंत दबतो. उन्हाळ्यात टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवाच. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याला. नायट्रोजन भरला तरी हेच.

३० जून

पाऊस सुरू झाला. गाडी महिनाभर भाच्याकडे आहे, आज माझ्याकडे आणली.

फरक लिहून ठेवतो. स्टिअरिंग उभ्या गाडीत थोडं जड, चालत्या गाडीत कळत नाही. वळणावर गाडी जास्त ठाम. ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो, पण यात रुंदीचा वाटा किती आणि नव्या रबराचा किती हे सांगता येणार नाही. पेट्रोल किंचित जास्त लागतं असं भाचा म्हणतो, आणि ते साहजिक आहे, रुंद टायर आणि जड चाक. छोट्या खड्ड्यांत धक्का पूर्वीपेक्षा जरा टोकदार लागतो. कमी झालेल्या १२ मिमीचा हा हिशोब आहे. १६ इंचीत तो दुप्पट झाला असता.

काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळ्यात आकसतात, पावसात फुगतात, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. त्यात पाइपलाइनसाठी खणलेले आडवे चर. बुजवले तरी पहिल्या पावसात खचतात आणि त्यांच्या कडा धारदार उघड्या पडतात. असा चर तिरका घ्यायचा नाही. वेग आधीच कमी करायचा, आणि चाक चरात उतरताना ब्रेकवरचा पाय काढायचा. ब्रेक दाबलेला असला की पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, धक्का घ्यायला जागा उरत नाही.

चाक काढून आतली बाजू बघितली. डिस्क आणि नळीच्या मध्ये गारा सुकून बसला होता, तो पाण्याने काढला. ही जागा मोकळी आहे म्हणून बरं. चिखल एका बाजूला साठून वाळला की चाकाचं बॅलन्स जातं आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. पावसाळ्यात अशी थरथर आली तर दुकानात जाण्याआधी डिस्क आतून धुवून बघावी.

पुढे मडफ्लॅप नव्हते, ते टाकले. रुंद टायर खडी दारांच्या खालच्या पत्र्यावर उडवतो.

२१ जुलै

भाच्याच्या त्या मित्राच्या १६ इंची टायरला भिंतीवर फुगा आला. शिवकॉलनीच्या पुढे खड्ड्यात आदळला होता. फुगा म्हणजे भिंतीतले दोरे तुटले, आता नुसतं रबर हवा धरून आहे. त्याला दुरुस्ती नाही. काही जण आत पॅच लावून देतात, तो टायर वापरायचा नाही. डिस्कच्या आतल्या कडेलाही चपटा खड्डा पडलाय. त्याने विचारलं, काका, आता काय टाकू. भाच्याने माझ्याआधीच पुस्तिका काढली आणि मापांचं पान उघडून त्याच्या हातात दिलं.

आमच्या गाडीचे टायर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवायचे: पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. नक्षीची खोली चारही टायरची, आत-मध्ये-बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहिली आहे. पुढच्या उजव्याची बाहेरची कड इतरांपेक्षा वेगाने उतरतेय का, हे दिवाळीच्या आधी पुन्हा मोजायचं. उतरत असेल तर अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघायला सांगायचे.